एका घशातून एकतीस मुलं

त्या फोनला मी पहिली शिवी हिंदीत दिली, कारण शाळेत मी दिवसभर हिंदीतच असते. दुसरी मराठीत दिली, कारण हिंदीतली पुरली नाही. समोर पाचवीतला एक मुलगा धडा वाचत होता, आणि त्या शहाण्या फोनने माझ्या दोन्ही शिव्या त्याच्याच वाचनात धरल्या. एवढे शब्द बरोबर, एवढे चूक, आणि खाली लाल गोल. मुलगा बिचारा म्हणाला, "मैडम, ये तो मैंने बोला ही नहीं." खरंच होतं त्याचं.

मी जबलपूरला राहते आणि सिहोऱ्याच्या पुढे एका खेड्यातल्या सरकारी शाळेत शिकवते. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि मध्ये पाचवीची एकतीस मुलं. सव्वीस वर्षं हेच करून राहिले आहे. मुलाला वाचता येतं की नाही हे तुम्हाला कसं कळतं, असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, शेजारी बसा, कळतं. ओठ कुठे थांबतात, बोट कोणत्या अक्षरावरून उडी मारतं, डोळे पुस्तकात आहेत की शेजारणीच्या तोंडाकडे. त्याला चार्जिंग लागत नाही.

पण गेल्या हिवाळ्यात वरून हुकूम आला. आता मूल फोनसमोर एक मिनिट वाचणार, फोन ऐकणार, शब्द मोजणार आणि रंग देणार. हिरवा म्हणजे येतं, पिवळा म्हणजे थोडं येतं, लाल म्हणजे येत नाही. प्रशिक्षणाला एक चुणचुणीत तरुण आला होता. तो म्हणाला, आता शिक्षकांच्या अंदाजाची गरजच राहिली नाही. अंदाज! माझ्या सव्वीस वर्षांना त्याने अंदाज म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली. मी तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. पण मागून कोणीतरी समोशाचं पाकीट हातात दिलं, आणि मीसुद्धा बाकीच्यांसारखी समोसा खात गप्प बसले. त्या समोशाचा राग मला आजही येतो.

पहिला आठवडा सरावाचा होता. तो आठवडा आम्ही अगदी इमानदारीने केला, हे मी शपथेवर सांगते. एकेका मुलाला मागच्या भिंतीपाशी न्यायचं, कारण नेटवर्क फक्त तिथेच, फोन विटांवर उभा करायचा, आणि वाच बेटा. आमच्याकडची मुलं वनाला बन म्हणतात आणि शहराला सहर. त्यांच्या आया तसंच म्हणतात, सरपंच तसंच म्हणतो, खरं सांगायचं तर आमचे हेडसरसुद्धा तसंच म्हणतात. फोनला ते चालेना. मूल धडधडीत बरोबर वाचून राहिलं आहे, अर्थ विचारला तर अर्थही सांगतं आहे, आणि फोन म्हणतो, नाही, येत नाही. त्यात भिंतीपलीकडे हातपंप. कोणी पाणी भरायला आलं की त्या करकरीत आवाजाखाली अर्धा धडा बुडायचा. स्वयंपाकघरातून फोडणीचा चर्र आवाज आला की संपली गोष्ट. मी सगळ्यांवर ओरडायची, आणि माझं ओरडणंही मुलांच्याच माथी. आठवड्याच्या शेवटी अख्खा वर्ग लाल. हिरवी एकच.

ती एक मुलगी कशी होती ते सांगते, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. बारीकशी, दोन घट्ट वेण्या, नाक नेहमी चोंदलेलं. तिची आई गावातल्या बायकांच्या समूहाची पुढारी, बोलायला खणखणीत, पण अक्षराची ओळख नाही. म्हणून पंचायतीतून काही कागद आला की बायका गोल करून बसायच्या आणि ही पोरगी मध्ये उभी राहून वाचून दाखवायची. एखाद्या बाईला समजलं नाही की ती हात वर करायची आणि ही परत वाचायची, सावकाश. अशा सवयीने तिचं वाचन इतकं साफ झालं होतं की हातपंपाची मजाल नव्हती तिला बुडवायची.

आणि तिचं काय पणाला लागलं होतं तेही ऐका. आमच्या गावात शाळा पाचवीपर्यंतच. सहावीची शाळा महामार्गाच्या पलीकडे, सात किलोमीटर. मोठ्या बहिणीला त्या रस्त्यावरून पाठवायला बाप तयार झाला नाही, तिचं शिक्षण पाचवीलाच संपलं, आता तिच्यासाठी स्थळं बघून राहिले आहेत. हिच्यासाठी एकच वाट होती. जबलपूरला मुलींचं सरकारी वसतिगृह आहे, राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथेच, आणि आमच्या भागातल्या शाळांमधून मिळून एका मुलीला तिथे जागा. तिची आई मला स्पष्ट म्हणाली होती, "मैडम, वहाँ हो गया तो भेजेंगे. नहीं हुआ तो फिर घर." त्या जागेसाठी पहिली अट यंदा नवी होती. फोनचा रंग हिरवा हवा. लाल असेल तर नावच पुढे जाणार नाही.

सरावाचा आठवडा संपला आणि सोमवारी हेडसरांना वरून फोन आला. जिल्ह्याच्या नकाशावर आमची शाळा लाल दिसून राहिली होती. हेडसर म्हणजे वाईट माणूस नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, शुगर असलेला, भांडण टाळणारा माणूस. फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळ पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मैडम, अब तो पक्का वाला होना है. इसमें लॉक हो जाता है. कुछ करो."

काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. हे आजचं नाही. मी नोकरीला लागले तेव्हापासून इन्स्पेक्टर आला की आम्ही एकच मूल पुढे करतो. प्रत्येक शाळेत एक असतं. कविता म्हणायला तेच, पाढे म्हणायला तेच, पाहुण्यांना फूल द्यायला तेच. इन्स्पेक्टर मान हलवतो, चहा पितो, शेरा लिहितो, जातो. बाकीची मुलं मागे बसून टाळ्या वाजवतात. सव्वीस वर्षांत मी किती मुलं अशी पुढे केली असतील, कोण जाणे. कधी मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. लग्नात आपण फाटकी सतरंजी आत ठेवतो आणि चांगली बाहेर घालतो, तेवढंच ते वाटायचं.

तर आम्ही तिला पुढे केलं. दुसरं काही सुचलंच नाही, आणि सुचवून घ्यायचाही प्रयत्न केला नाही.

गुरुवारी सकाळी सुरुवात केली. एकेक मूल यायचं, स्क्रीनवरच्या आपल्या नावावर बोट दाबायचं, बाजूला सरकायचं. मग ती फोनसमोर उभी राहून वाचायची. एक मिनिट. हिरवा. पुढचा. मुलांना तर गंमतच वाटून राहिली होती, आपल्या नावासमोर हिरवा गोल आला की नाचायची. पाच-सहा झाल्यावर हेडसर कानाशी येऊन म्हणाले, सगळेच असे फाडफाड वाचायला लागले तर वरच्यांना संशय येईल. म्हणून मग ते तिला सांगायला लागले. हा जरा कच्चा आहे, याचं थोडं धीरे पढ़ना. ही अडखळते, एक-दो जगह रुकना. हा मुलगा आहे, आवाज मोटा निकालना. आणि ती तसं वाचायची! हुबेहूब! ज्याचं नाव असेल त्याच्यासारखं वाचायची, कोणासारखी ओढणी तोंडाशी, कोणासारखा एक पाय दुसऱ्या पायावर. मुलं खदखदून हसायची. मीही हसले. खोटं कशाला बोलू, मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. कधीकधी नेटवर्क जायचं, तेव्हा परत वाचावं लागायचं. कोणाचं दोनदा, कोणाचं तीनदा.

तिचं स्वतःचं नाव आम्ही शेवटी ठेवलं. तिची काळजीच नव्हती ना. ती तर वाचतेच.

तीस मुलं संपली तेव्हा जेवणाच्या ताटांची आदळआपट सुरू झाली होती. तिने आपल्या नावावर बोट दाबलं, तोंड उघडलं, आणि घशातून नुसती हवा आली. खाकरली. परत सुरू केलं. दोन शब्द, खोकला. चार शब्द, खोकला. नाक पुसलं, परत वाचायला लागली, आणि मी वेड्यासारखी "अगं थांब, पाणी पी, पाणी पी," म्हणून ओरडून राहिले, मराठीतच, आणि मिनिट संपलं. लाल. खाली लिहून आलं, मूल अक्षर ओळखण्याच्या पातळीवर आहे. त्याच्या खाली एक हिरवं बटण, जमा करा. मी म्हटलं, कोणी हात लावू नका. पण ते बटण आमच्या हुशारीसाठी थांबणार होतं थोडंच! मिनिटभर काही केलं नाही की ते आपोआप जमा व्हायचं. झालं. कुलूप लागलं.

मी हेडसरांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता वर फोन लावा, हिचं परत घ्यायला सांगा. हेडसरांनी आपला फोन खिशात टाकला. मग हळूच, समजूत घातल्यासारखं बोलले. त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगते: "मैडम, देखा जाए तो एक लाल होना अच्छा ही है. सब हरा होता तो शक होता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीसांत जी सगळ्यांत साफ वाचते, तीच लाल, आणि हे म्हणतात अच्छा ही है! मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलं ताटं घेऊन दाराशी उभी राहिली. ती मुलगी पाण्याचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, मी तिच्यावरच चिडले. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मैडम, मैं कल फिर से पढ़ दूँगी. सबका."

घरी आले तेव्हा मी धुमसतच होते. माझे हे डिफेन्स फॅक्टरीत होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. माल मापात आहे की नाही ते गेज लावून तपासायचं, हेच आयुष्यभर केलं. मी पर्स पलंगावर फेकली आणि त्या फोनचा उद्धार सुरू केला. फोन बनवणाऱ्याचा, हुकूम काढणाऱ्याचा, त्या स्लाइडवाल्याचा, हेडसरांचा. हे शांतपणे कांदा चिरून राहिले होते.

"काहून एवढी चिडून राहिली?" म्हणाले. "गेज खराब असलं तर आम्ही माल फेकत नव्हतो. आधी गेज तपासायचो."

"तेच तर मी म्हणून राहिले! गेजच खराब आहे!"

"आहे ना. मान्य." चाकू खाली ठेवला त्यांनी. "पण तुम्ही काय केलं? एकच नग तीस वेळा गेजमध्ये घातला. आता घासला तर ओरडून राहिली."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. अहो, ते खरं बोलले म्हणूनच मी बोलले नाही. तोपर्यंत माझा सगळा राग बाहेर वाटायला होता, प्रत्येकाला थोडा थोडा. आता त्यातला मोठा हिस्सा परत माझ्याच दारात येऊन बसला.

सोमवारी मी शाळेला रजा टाकली आणि जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. जबलपुरातच ओमती चौकाच्या अलीकडे एका गल्लीत आहे ते. वसतिगृहाची यादी पाठवायला दोन दिवस राहिले होते. तिथले साहेब माझ्यापेक्षा वयाने लहान, टेबल नीटनेटकं, बोलणं गोड. मी ठरवून गेले होते की मशीनची गडबड झाली असं सांगायचं. सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर तिचं रेकॉर्डिंग लावलं. खोकला, चार शब्द, खोकला, आणि मागे माझं "पाणी पी, पाणी पी".

"मैडम, बच्ची तो अटक रही है," ते म्हणाले. "मशीन ने ठीक ही पकड़ा है."

मशीन ने ठीक ही पकड़ा है! मी तिथेच सुटले. म्हटलं, दुसऱ्या कोणाचंही लावा. कोणाचंही. त्यांनी एक लावलं. मग दुसरं. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढला. चौथ्याला उठून केबिनचं दार लावलं. स्पीकरमधून ती पोरगी एकदा जाड आवाजात वाचत होती, एकदा अडखळत, एकदा ओढणी तोंडाशी धरल्यासारखी, आणि मागे प्रत्येक वेळी वर्ग खिदळत होता. त्यात माझं हसणंही होतं. मला माझं हसणं ओळखू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ये तो एक ही बच्ची है," साहेब म्हणाले.

"हाँ, एक ही है. जिसको आपने लाल किया है, वही है."

"आपने किया है, मैडम," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मग म्हणाले, दोनच रस्ते आहेत. मी हे ऐकलंच नाही असं समजू, तुम्ही घरी जा. किंवा लिहून द्या, सही करा. मग वर्गाचा सगळा निकाल रद्द होईल, चौकशी बसेल, आणि मुलीची परीक्षा मी उद्या इथे, माझ्यासमोर घेईन.

मी कागद मागितला. शूर होते म्हणून नाही. तिथून घरी जायचं म्हणजे उद्या परत बसने त्या गावात जायचं, तिच्या आईसमोर उभं राहायचं, ते मला झेपणारं नव्हतं. दीड पान लिहिलं. हेडसरांचं नाव मी लिहिलं नाही, पण जे कळायचं ते साहेबांना कळलंच.

ज्यांना शेवट गोड लागतो त्यांच्यासाठी आत्ताच सांगून टाकते. जागा तिला मिळाली. आता ती वसतिगृहात आहे, सहावीत आहे. मला कारण बताओ नोटीस मिळाली, माझ्या फाइलीत लाल शेरा पडला. हेडसर माझ्याशी नमस्कारापुरतं बोलतात, तेही बाहेरचं कोणी असलं तर. बाहेरची माणसं येऊन बाकीच्या मुलांची परीक्षा परत घेऊन गेली, त्याच फोनने, त्याच भिंतीपाशी, आणि वर्ग परत लाल झाला. लाल मुलांसाठी वरून काय आलं माहीत आहे? एक पोस्टर. 'हर बच्चा पढ़ेगा.' खिळा ठोकून लावून घ्या म्हणाले, आणि लावल्याचा फोटो अपलोड करा. एक मास्तर जास्तीचा द्या म्हटलं, एक तास जास्तीचा द्या म्हटलं, तर त्यासाठी रंग नाही त्यांच्याकडे. मोजून ठेवायची हौस आहे यांना. मोजून झालं की काखा वर. मी त्या मुलांना आता रोज जेवणाच्या सुट्टीनंतर शेजारी बसवून वाचायला लावते, आणि बन म्हटलं तर बनच चालवून घेते.

पण जागा मिळाली हे ऐकून कोणी मला शाबासकी देऊ लागलं की मी चिडते. परवा बड्या फुहाऱ्याच्या बाजारात साडीच्या दुकानात एक जुनी सहकारी भेटली. "आपने तो बच्ची की ज़िंदगी बना दी," म्हणाली. मी तिला तिथेच झापलं. दुकानदार साडीची घडी हातात घेऊन बघत राहिला. काहून झापलं ते तिला सांगितलं नाही. ते त्या मंगळवारचं आहे.

मंगळवारी सकाळी मी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन ऑफिसात गेले. आई ठेवणीतली साडी नेसून आलेली, मुलीच्या वेण्यांना तेल चोपडलेलं, घसा आता बरा. साहेबांनी तिला खुर्ची दिली, बिस्किटं दिली, नवाच धडा निवडला, जो तिने कधी पाहिला नव्हता. स्वतः उठून पंखा बंद केला, आवाज नको म्हणून. फोन टेबलावर उभा केला. खोलीत आम्ही चौघंच. ती खुर्चीतून उठली, फोनसमोर सरळ उभी राहिली. साहेबांनी बोट बटणावर धरलं आणि म्हणाले, "चलो बेटा, शुरू करो."

ती सुरू करेना. मला वाटलं घाबरली. आईने डोळ्यांनी दटावलं. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. घाबरलेली अजिबात नव्हती, कामाला तयार असलेल्या माणसासारखं साधं तोंड होतं तिचं, आणि तिने मला विचारलं, "मैडम, किसके जैसा पढ़ूँ?"

साहेबांचं बोट तसंच हवेत राहिलं. मी म्हटलं, "अपने जैसा, बेटा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं, आणि या वेळी तो फोनवर नव्हता, साहेबांवर नव्हता, हेडसरांवर नव्हता.